नवसागर

काचेवर चांदी धरत नव्हती.
तीन संध्याकाळी तेच: धुतलं की सालपटं
बेसिनच्या जाळीत, बांगड्याच्या खवल्यांसारखी.

वेंगुर्ल्याच्या दवाखान्यामागची ही आमची खोली.
एक शेगडी, एक फ्रीज,
डॉक्टर मेस्तांच्या घरून आलेला जुना मायक्रोवेव्ह,
आणि पत्र्यावर नारळ पडला
की दोन मिनिटं डुगडुगणारा तराजू.

काम तापाचं. खळग्यात रक्ताचं निवळ पाणी,
त्यावर परदेशी तिखट मुळ्यातून काढलेलं विकर.
ताप उंदराच्या मुतातला असेल तर खळगा निळा होतो.
पुस्तकात होतो.
इथं पाचव्या दिवसाच्या रक्तात
निळं आहे की निळ्याचा भास,
यावर मी आणि बाबली
मागे पांढरा कागद धरून भांडतो.
ज्याचं रक्त, तो बाहेर बाकावर तापत असतो.

म्हणून चांदी.
तिचा थर म्हणजे थर नाहीच खरा,
सुटी सुटी बेटं, बंदरावरून दिसणाऱ्या
निवतीच्या खडकांसारखी.
मायक्रोवेव्हमध्ये भोवतालचं पाणी तापतं,
बेटं थंड राहतात,
आणि उकाड्याला वैतागलेले रेणू
त्या थंड किनाऱ्याला येऊन लागतात.
दोन तासांचं काम अर्ध्या मिनिटात.
धरली तर.

रात्री जेवताना तातूंना सांगितलं.
चाळीस वर्षं शिरोड्यापासून म्हापणपर्यंत
त्यांनी भाता वाहिला, टोपांना कल्हई केली.
मग स्टील आलं. भाता माळ्यावर गेला.
"जाड कितकी?"
केसाच्या हजाराव्या भागाहून पातळ, म्हटलं.
"मगे आमका कथील परवडला असता," म्हणाले,
आणि भाताचा घास तसाच हातात धरून:
"आधी भाजलंस?"
काच कोण भाजतं, तातू.
"बोटाचा तेल रवता. धरणा नाय.
नवसागर मारूचो, धूर जाऊक दिवचो,
मगे कथील."

काच रात्रभर आम्लात ठेवली.
सकाळी शेगडीवर सुकवली. चिमट्यानेच उचलली.
अमोनियाची बाटली उघडली तसं नाक झोंबलं
आणि मी सात वर्षांची, भाता ओढतेय,
पातेलं निखाऱ्यावर फिरतंय,
कापसाचा बोळा, पांढरा धूर,
काळ्या बुडातून एकदम लख्ख.
नवसागरात हाच वास बांधलेला असतो
हे मला बारावीत कळलं.
तातूंचं त्यावाचून अडलं नव्हतं.

काच पिवळसर झाली, मग मधाच्या रंगाची.
धुतली.
पुन्हा धुतली, जरा रागानेच.
धरली.

सतरा नंबर लुदविनाचा.
काथ्याची सोडणं कुजवायच्या खळगीत
ती दिवसभर गुडघाभर पाण्यात असते.
पोटऱ्या दुखतात म्हणून रांगेतच खाली बसली होती.
पंचवीस सेकंद.
सतरा निळा. कागद लागला नाही.
पण कोपऱ्यातला रिकामा खळगाही जरासा निळसर,
म्हणून पुन्हा केलं. आणि पुन्हा.
बाबली घरी गेला, शेवटची एसटी गेली.
चौथ्या वेळी रिकामा रिकामाच राहिला
आणि सतरा निळा.
वर आम्लाचा थेंब टाकला: निळं थांबलं,
पिवळं झालं, उंडीच्या तेलासारखं.

डॉक्टर मेस्तांनी तिला गोळ्या सकाळीच दिल्या होत्या.
ते रंगाची वाट बघत नाहीत.
वहीत मात्र आता तिच्या नावापुढे
प्रश्नचिन्ह नाही.
तेविसाव्याच्या पुढे आहे अजून.

घरी तातू जागेच.
"धरली?"
उरलेली कोरी काच त्यांच्या हातात दिली.
बल्बसमोर धरून त्यांनी ती बराच वेळ पाहिली,
आरपार दिसणाऱ्या धातूकडे पाहावं तसं, संशयाने.
मग सवयीने अंगठा फिरवला.
सगळी बेटं अंगठ्यावर आली.
"पातळ हा," म्हणाले,
आणि काळा अंगठा घेऊन
मागच्या दारी राख शोधायला गेले.